मागच्या काचेचे पाणी

१

न्याहारी आटोपल्यावर कपबशी स्वतः विसळून पालथी घालायची, चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसायचा आणि मगच दिवसाच्या कामाला हात घालायचा, असा कानसेनांचा शिरस्ता होता. त्या शनिवारीही त्यांनी त्यात काडीचा फरक केला नाही.

कानसेन हे त्यांचे नाव नव्हे. पण पाणीखात्यात बत्तीस वर्षे तेच चालले आणि निवृत्तीनंतरही गळून पडले नाही. जमिनीखालच्या नळांची गळती कानाने हुडकणे हे त्यांचे काम. कमरेइतकी उंच पोलादी सळई, तिच्या माथ्याला लाकडी वाटी. सळईचे टोक नळावर टेकवायचे, वाटी कानाला लावायची, डोळे मिटायचे. रस्ता वरून खडखडीत कोरडा असताना ते खडूने फुली मारीत आणि खणणाऱ्यांच्या पायाला बरोबर त्या फुलीखाली ओल लागे. साऱ्या नोकरीत त्यांची फुली दोनदाच चुकली, आणि त्यांच्या मते दोन्ही वेळा खणणाऱ्यांनीच भलतीकडे खणले होते.

आजचे काम त्या मानाने पोरखेळ होता. लेकीसाठी त्यांनी एक जुनी, मागून वर उचलायच्या दाराची छोटी मोटार घेतली होती. लेकीला सोमवारपासून दुसऱ्या गावी प्रयोगशाळेत रुजू व्हायचे होते. मोटार नसती तर चार वर्षांच्या मुलीला पहाटे झोपेतून उचलून, दोन बस बदलून पाळणाघर गाठावे लागले असते. रविवारी बारा वाजता मोटार निर्दोष मिळेल, असा शब्द कानसेनांनी दिला होता. इंजिन, चाके, दिवे, सारे त्यांनी तपासले. एवढी एकच खोड उरली होती: मागची काच धुण्यासाठी सुकाणूजवळची दांडी ढकलली, की काचेवर थेंब येत नसे; डिकीतला गालिचा मात्र थोड्या वेळाने ओला होई.

गॅरेजवाल्याकडे टाका, असे पत्नीने सुचवले. पाण्याच्या कामासाठी आपण दुसऱ्याचे दार ठोठवावे हे कानसेनांना मानवणारे नव्हते. तेव्हा स्वयंपाकघरात ती स्वतःशीच पुटपुटली, की गावभरचे नळ ऐकणाऱ्या माणसाच्या मोरीतला नळ गेली सहा वर्षे गळतो आहे.

"तो गळत नाही, ठिबकतो," अंगणातून उत्तर आले. "दोन्हींत फरक आहे."

२

अशा मोटारींत पाण्याची टाकी पुढे, बॉनेटखाली असते. तिथून करंगळीहूनही बारीक रबरी नळी निघते, दाराच्या उंबऱ्याखालून मागे जाते, खांबातून वर चढते, छताच्या कापडी अस्तरामागून पुढे सरकते आणि बिजागरीजवळच्या घडीदार रबरी नळकांड्यातून मागच्या दारात शिरून काचेच्या माथ्यावरच्या तोटीला मिळते. दार शेकडो वेळा वरखाली होते आणि नळी बहुधा त्या नळकांड्यातच दगा देते. कानसेनांनी मागचे दार उचलले, नळकांडे बोटांनी सोलून काढले, आणि अगदी अटकळीप्रमाणे नळी सांध्यातून निसटलेली दिसली.

त्यांना बरे वाटले. दोष जिथे असावा तिथेच असला, की जग रीतसर चालले आहे असे त्यांना नेहमी वाटे.

नळीचे टोक मात्र पाहण्याजोगे होते. ते तडकले नव्हते, फाटलेही नव्हते. चेपून चपटे, मऊ, जवळजवळ लिबलिबीत झाले होते आणि त्यावर वरून व खालून बारीक खुणांच्या दोन कमानी उमटल्या होत्या. उंदीर, कानसेनांनी निकाल दिला. उंदरांना रबर आवडते. उंदीर दोन पुढच्या दातांनी कुरतडतो, रबराचा भुगा पाडतो; इथे भुगा नव्हता आणि कमानी कशा एकसारख्या होत्या, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. मग आधीच्या कुणा कारागिराने पकडीने चेपले असेल. हा दुसरा निकाल पहिल्यापेक्षा अधिक सयुक्तिक वाटला, म्हणून त्यांनी तो कायम केला.

खराब झालेला भाग धारदार पात्याने सरळ कापून टाकला, पितळी जोड बसवला, दोन्ही बाजूंना तारेचा फास आवळला. पत्नीला पुढे बसवून दांडी ढकलायला सांगितले. काचेवर स्वच्छ, धारदार फवारा उडाला. डिकीत हात फिरवला तर सगळे कोरडे.

त्यांनी लगोलग लेकीला फोन करून काम झाल्याचे कळवले.

३

तिथेच थांबायला हरकत नव्हती. पण पाणीखात्याचा मनुष्य फवारा पाहून समाधान पावत नाही. आत किती गेले आणि बाहेर किती आले, हे जुळले की मगच नळ सुधारला असे तो म्हणतो. कानसेनांनी टाकी पूर्ण उपसली, मोजून दोन लिटर पाणी ओतले, मागच्या तोटीखाली प्लास्टिकची पिशवी बांधली आणि पत्नीला टाकी संपेपर्यंत थांबून थांबून दांडी ढकलत राहायला सांगितले. तिने भाजी खोळंबल्याचे ऐकवले, पण ढकलली.

पिशवीत जेमतेम सव्वा लिटर जमले.

पाऊण लिटर पाणी म्हणजे काही तोंडचा घास नव्हे. ते सांडले असते तर कुठेतरी गालिचा भिजायला हवा होता. कानसेनांनी उंबऱ्याच्या पट्ट्या उकलल्या, खांबावरची आवरणे काढली, अस्तराच्या कडेतून बोटे घालून चाचपले. ओल नाही, डाग नाही, वासदेखील नाही. मोटारीखालची फरशी कोरडी होती. पुन्हा मोजून पाहिले. या वेळी तूट त्याहून थोडी जास्त आली.

त्यांनी टाकी पुन्हा भरली आणि कोठीतून सळई आणली.

मोटारीला सळई लावून कान देणारा मनुष्य रस्त्यावरून जाणाऱ्यांना कसा दिसत असेल, याची त्यांना फिकीर नव्हती. पत्नीला होती, तिने मान खाली घालून दांडी ढकलली. उंबऱ्यापाशी पाण्याचा आवाज सरळ होता. खांबापाशीही सरळच. छताच्या मागच्या कोपऱ्यावर टोक टेकवले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

गळतीला आवाज असतो तो अखंड असतो. बारीक फट असली तर शीळ, मोठी असली तर खरखर. पण दाब आहे तोवर तो तुटत नाही. हा आवाज तुटत होता. थोडे पाणी, मग थांबा. पुन्हा थोडे, पुन्हा थांबा. त्या थांब्यांत नळीत काही हलत नव्हते. फक्त एक हलकासा फूत्कार येई, नाकावाटे सोडावा तसा. मग पुढचा घोट.

'घोट' हा शब्द मनात आल्याबरोबर कानसेनांनी तो खोडला. शब्द पुराव्यापुढे धावला, की मनुष्य फसतो. नळीत पाणी मागे परतू नये म्हणून एक छोटी झडप असते. ती झिजली असेल आणि फडफडत असेल. झडप बदलायची, संपले.

४

गॅरेजवाला दोन गल्ल्या पलीकडे होता. मोटारीखाली आडवा होऊन तो कुणाशी तरी फोनवर भांडत होता. कानसेनांना पाहून तो बाहेर सरकला आणि गळतीच्या राजाला आपल्या झोपडीत यावे लागले, म्हणून त्याने हात जोडले. सगळी हकिकत ऐकून घेतल्यावर त्याने नवी झडप काढून दिली, पण आपले मत सांगितल्यावाचून राहिला नाही. मागच्या काचेवर पाणी मारून कुणाचे भले झाले आहे? टाकीपाशीच नळीला चिमटा मारावा आणि मोकळे व्हावे. तो स्वतः निम्म्या मोटारींना तेच करतो.

हे काम करणे नव्हे, काम झाकणे आहे, असे कानसेनांनी सुनावले.

"झाकलेलंच बरं असतं काका, कधी कधी," गॅरेजवाला हसत म्हणाला. "तुम्ही कान लावलात म्हणून ऐकू आलं. नाहीतर तिला कुठे काय होत होतं?"

वाटेभर ते उत्तर शोधत राहिले. घरी पोचल्यावर एक चांगले उत्तर सुचले, पण तोवर ऐकणारा राहिला नव्हता.

५

नवी झडप बसवून झाली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पत्नी भाजीकडे गेली होती, म्हणून दांडी ढकलायला कुणी नव्हते. सवयीने त्यांनी सळई पुन्हा छताच्या कोपऱ्यावर टेकवली, उगीच, कान तयार करावा म्हणून.

आवाज येत होता.

पंप बंद होता. किल्ली त्यांच्या खिशात होती. आणि तरी अस्तरामागे घोट, थांबा, घोट असे चालले होते. पुढे कुणी ढकलत नसताना मागे कुणी ओढत असावे तसे. ते पुढे गेले, टाकीच्या अर्धपारदर्शक भिंतीवर पेन्सिलीने पाण्याची रेघ मारली आणि घड्याळ हातात धरून उभे राहिले. दहा मिनिटांत पाणी रेघेखाली दोन बोटे उतरले.

कानसेन घाबरले नाहीत, हे सांगायला हवे. पाणी खालून वर आपोआप चढते, याला शास्त्रात जागा आहे. टोके खालीवर असली की नळी स्वतःच ओढते. मागची तोटी टाकीहून उंच होती, म्हणून हे इथे लागू पडत नव्हते. पण लागू पडेल असे काही असणारच, एवढा त्यांचा शास्त्रावर भरवसा होता. त्यांनी मागचे दार उचलले, रबरी नळकांडे सोलले आणि सकाळचा सांधा पाहिला.

तारेचे दोन्ही फास शाबूत होते. पितळी जोड मात्र एका बाजूने निसटून लोंबत होता. सकाळी पात्याने सरळ कापलेले नळीचे टोक चपटे, मऊ आणि ओले झाले होते. वर एक कमान, खाली एक कमान.

मग त्यांनी तेच केले जे त्यांच्या जागी दुसऱ्या कुणी केले नसते: उरलेल्या नळीचा तुकडा घेतला, पुसला, आणि आपल्या दातांखाली घट्ट चावला. सकाळी कापून काढलेला तुकडा आणि हा, दोन्ही शेजारी धरून चष्मा कपाळावर चढवला. ठेवण तीच होती. कमानी तशाच, खुणांमधली अंतरे तशीच. फक्त ती दुसरी कमान त्यांच्या कमानीच्या निम्मी होती.

त्यांनी दोन्ही तुकडे खिशात घातले. पुढे जाऊन टाकीपाशीच नळीवर लोखंडी चिमटा आवळला. ज्या नळाचा भरवसा उरला नाही तो तोडावा. हाही खात्याचाच नियम होता आणि त्यात हार नव्हती. लेकीला मागची काच फडक्याने पुसता येईल.

परत येऊन सळई लावली. आत कोरडे चोखणे ऐकू आले. दोनदा, तीनदा, जरा घाईने. मग काहीच नाही.

मागच्या आसनावर वाकून त्यांनी अस्तराची कडा खाचेत पुन्हा बसवली. काम पाच मिनिटांचे होते, पण उतरले तेव्हा त्यांची जीभ टाळूला चिकटली होती. ओला फडका आसनावर ठेवला होता तो वाळून पापडासारखा कडक झाला होता. ऊन आहे, ते म्हणाले, आणि घरात जाऊन उभ्या उभ्या तीन पेले पाणी प्याले.

६

रविवारी पावणेबाराला लेक आली, एका हाताला बॅग, दुसऱ्या हाताला पिटुकली. पिटुकली ही नात. तिने बसमध्ये पाण्याची अख्खी बाटली रिकामी केल्यामुळे आपल्याला काय काय भोगावे लागले, हे लेकीने दारातच ऐकवले. आजीने बॅग घेतली. लेकीने मुलांसाठीचे आसन मागे बांधले, पिटुकलीला त्यात बसवून पट्टे लावले, आणि कानसेन लेकीला पुढे बसवून कुठली दांडी कशाची हे सांगू लागले. मागच्या काचेचे पाणी बंद केले आहे, असे त्यांनी सांगितले. तिने बरे म्हटले. तिच्या लेखी ती गोष्ट तिथेच मिटली.

"आजोबा, तहान लागली," मागून पिटुकली म्हणाली.

आईने डोळे वटारले. आजीने पेला आणला. पिटुकलीने तो दोन्ही हातांनी धरून संपवला, आणि पेला आजीच्या हातात परत पडतो न पडतो तोच म्हणाली, तहान लागली.

कानसेनांनी मागे वळून पाहिले. मुलीचे ओठ पांढरे पडले होते आणि कडेला सोलवटले होते. आईने नाही म्हटल्यावर तिने तोंड वाकडे केले, चेहरा आक्रसला, हुंदका फुटला. रडणे खरे होते. डोळ्यांत मात्र टिपूस नव्हते. रडणाऱ्या मुलीचे दोन्ही गाल कोरडे होते.

एका ठिकाणची गळती बुजवली, की दाब दुसरी जागा शोधतो. खात्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हे पहिल्या दिवशी शिकवले होते.

ते उतरले, मागचे दार उघडले, पट्टे सोडले आणि नातीला उचलून थेट घरात नेऊन आजीच्या मांडीवर ठेवले. पाणी पाज म्हणाले, आणि पाजत राहा म्हणाले. मग बाहेर येऊन लेकीच्या हातातली किल्ली काढून घेतली.

"गाडी मिळणार नाही. गळती सापडली नाही मला."

लेकीला आधी ही थट्टा वाटली. "बाबा, आत्ताच सांगितलंत ना, बंद केलंय म्हणून? मागची काच मी फडक्याने पुसेन."

"बंद केलंय, सापडली नाही. कुठून काय जातंय ते मला ठाऊक नाही, आणि त्या गाडीत मी पोरीला बसवणार नाही."

तिला राग येणे साहजिक होते. उद्या नोकरीचा पहिला दिवस. पहाटे साडेचारला उठून, पोर खांद्यावर टाकून दोन बस. आणि हे सगळे काचेवरच्या चार थेंबांसाठी. शब्द कुणी दिला होता? काल फोन कुणी केला होता? कानसेन ऐकत उभे राहिले. प्रत्येक शब्द बरोबर होता. खिशातले रबराचे दोन तुकडे बोटांना लागत होते. ते बाहेर काढले तर काय होईल, याचा त्यांनी नीट विचार केला. ती हसली असती, किंवा उंदीर म्हणाली असती, आणि किल्ली मागितली असती.

बोलता बोलता लेक थांबली. तिने त्यांच्याकडे निरखून पाहिले. आवाज खाली आला.

"बाबा, खरं सांगा. तुम्हाला ऐकू येत नाही का हल्ली?"

दाराच्या चौकटीत पत्नी उभी होती. तिच्या पुटपुटण्याला अंगणातून मिळालेले उत्तर अजून दीड दिवसाचेही झाले नव्हते. तिने तोंड उघडले, आणि कानसेनांकडे पाहून मिटले.

"हो," कानसेन म्हणाले. "बरेच दिवस झाले. सांगितलं नाही."

लेकीचा राग तिथल्या तिथे विरघळला. त्या जागी जे आले ते सोसायला अधिक जड होते. तिने त्यांच्या दंडावर हात ठेवला. डॉक्टरला दाखवू म्हणाली. पुढच्या आठवड्यात रजा काढते म्हणाली. त्या क्षणापासून ती त्यांच्याशी मोठ्याने, शब्द सुटे सुटे करून बोलू लागली, आणि कानसेन मान डोलावत राहिले.

घरात तिसऱ्या पेल्यानंतर पिटुकलीच्या डोळ्यांतून पाणी आले. मग ती पोटभर रडली.

७

रस्त्याच्या टोकाला बसचा थांबा होता. मायलेकी तिकडे चालू लागल्या तेव्हा कानसेनांनी बॉनेट उघडले. टाकीजवळचा चिमटा सैल केला आणि पत्नीला पाण्याचा जग आणायला सांगितले.

तिने आणला. तो रिता झाला, दुसरा आणला. पाणी रेघेवरून उतरत होते, डोळ्यांनी दिसेल इतक्या वेगाने.

"कान ठणठणीत आहेत तुमचे," ती म्हणाली. "उद्यापासून पोरगी साडेचारला उठणार. कशासाठी, ते मला तरी सांगा."

"आणखी एक जग आण."

"किती घालणार आहात?"

"घेईल तेवढं."

ती आत गेली. पाणी उतरायचे थांबले, एकाएकी, कुणी तोंड बाजूला घ्यावे तसे. कानसेन जग खाली ठेवून मोटारीच्या मागे आले. सळई हातात नव्हती, आणि ती लागणारही नव्हती. दोन हातांवरून त्यांना तो फूत्कार उघड्या कानांनी ऐकू आला.

मागच्या काचेवर, आतून, खालच्या कडेपासून वीतभर उंचीवर, वाफेचा एक गोल उमटला. फार तर रुपयाएवढा. तो कडेकडून विरत गेला. पुन्हा उमटला. काच रुंद होती, मधोमध उमटायला जागा पुष्कळ होती. पण गोल एका टोकाला सरकला होता, जिथून रस्ता दिसतो त्या बाजूला. रस्त्याच्या शेवटी थांब्यावर मायलेकी उभ्या होत्या. पिटुकली वळून इकडे हात हलवत होती.

कानसेन दोन पावले चालले आणि काचेला पाठ लावून मध्ये उभे राहिले. सदऱ्यातून पाठीला एक ऊबदार ठिपका लागला, गेला, पुन्हा लागला. त्यांनी हात वर करून नातीला हलवला. घसा कोरडा पडू लागला, जीभ टाळूला चिकटली, तरी ते जागचे हलले नाहीत.

बस आली, थांबली, निघाली. वळणावर दिसेनाशी झाली. दुसऱ्या कुणालाही ऐकू आली असती त्यापेक्षा कितीतरी वेळ ती कानसेनांना ऐकू येत राहिली.